दोन टी-टेस्ट एक सांगतात, अनोव्हा दुसरंच : इंटरॅक्शन आहे की नाही?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

मानसशास्त्रात एमए, शेवटचं वर्ष. प्रयोग साधाच आहे. स्क्रीनवर काहीतरी दिसतं, माणसाने बटण दाबायचं. घटक दोन. एक आवाज : शांत खोली किंवा हेडफोनमधून गोंगाट. दुसरा काम : सोपं (दोनपैकी कुठला रंग दिसला ते सांगा) किंवा अवघड (चिन्हांच्या गर्दीत ठरावीक अक्षर आहे का ते शोधा). म्हणजे टू बाय टू. चारही गटांत वेगळी माणसं, प्रत्येकी ३०. मोजलाय तो प्रतिसादाचा वेळ, मिलिसेकंदांत. डेटा अजून बाहेर द्यायचा नाहीये, म्हणून आकडे बदललेत, पण नक्षी तीच :

शांत + सोपं : ४००
गोंगाट + सोपं : ४४०
शांत + अवघड : ८००
गोंगाट + अवघड : ८८०

एसडी (आकड्यांचा विखुरलेपणा) सगळीकडे १०० धरा.

सोप्या कामात शांत विरुद्ध गोंगाट अशी टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांची तुलना) केली, पी ०.१३ (०.०५ च्या खाली आला तरच परिणाम सिग्निफिकंट धरतात). अवघड कामात केली, पी ०.००३. म्हणून मी लिहिलं, 'गोंगाटाचा अडथळा फक्त अवघड कामात होतो.' गाइडनी त्यावर लाल पेनाने एवढंच लिहिलं : 'इंटरॅक्शन?' म्हणजे एका घटकाचा परिणाम दुसऱ्या घटकावर अवलंबून आहे का. अनोव्हात (चारही गटांची एकत्र तुलना) ती ओळ बघितली तर एफ १.२०, पी ०.२८. म्हणजे इंटरॅक्शन नाही!

एका कामात परिणाम आहे, दुसऱ्यात नाही. मग इंटरॅक्शन नाही कसं? डोकं पार पिकलंय.

वाचनमात्र

जागा धरून ठेवतो. माझाही हाच घोळ आहे. :)

तळटीप

अर्धविराम, तुमच्या गाइडनी नेमक्या जागी बोट ठेवलंय.

'एकात आहे, दुसऱ्यात नाही' असं तुम्ही म्हणता, पण डेटा तसं म्हणत नाहीये. सोप्या कामातला फरक ४०, अवघड कामातला ८०. दोन्ही एकाच दिशेने. पैकी एक ०.०५ च्या रेषेच्या अलीकडे पडला, दुसरा पलीकडे. रेषेच्या दोन बाजूंना पडले म्हणून ते एकमेकांपासून वेगळे ठरत नाहीत. ते वेगळे आहेत का हे तपासायचं तर त्यांची एकमेकांतून वजाबाकी करायला हवी. ८० वजा ४०. ही फरकांमधली तफावत म्हणजेच टू बाय टू मधलं इंटरॅक्शन, त्यापलीकडे त्यात काहीही गूढ नाही.

आता स्टँडर्ड एरर बघा, म्हणजे नमुन्यामुळे आकडा किती डळमळतो त्याचं माप. प्रत्येक गटात ३० माणसं, एसडी १००, म्हणजे एका फरकाची स्टँडर्ड एरर साधारण २६. ४० भागिले २६ म्हणजे दीडच्या जरा वर, त्यामुळे पी ०.१३. ८० भागिले २६ म्हणजे तीनच्या वर, पी ०.००३. पण दोन डळमळीत आकड्यांची वजाबाकी केली की डळमळ कमी होत नाही, वाढते. फरकातल्या फरकाची स्टँडर्ड एरर होते ३६.५. ४० भागिले ३६.५ म्हणजे १.१. त्याचा वर्ग १.२, हाच तुमचा एफ. सगळं जिथल्या तिथे आहे.

आणि यात तुम्ही एकट्या नाही. २०११ मध्ये न्यूवेनहाउस, फोर्स्टमान आणि वागेनमाकर्स यांनी न्यूरोसायन्सचे ५१३ लेख तपासले, तेही सायन्स, नेचर अशा बड्या नियतकालिकांतले. त्यातल्या १५७ लेखांत लेखकांना दोन परिणामांची अशी तुलना करायची होती. ७८ जणांनी इंटरॅक्शन तपासलं. ७९ जणांनी 'हा सिग्निफिकंट, तो नाही, म्हणून वेगळे' असं लिहून टाकलं. निम्म्याहून जास्त!

कंसातला_जीव

तळटीपताई, +१. पण मला यातच आणखी एक गंमत दिसतेय. अर्धविरामचे आकडे घेऊन त्याच सरासऱ्या आणि तीच एसडी येईल असा नकली डेटा बनवला आणि आर (संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) मध्ये साधं लिनिअर मॉडेल चालवलं. 'गोंगाट' या ओळीसमोर ४० आलं, पी ०.१२. म्हणजे गोंगाटाचा मेन इफेक्टसुद्धा (दोन्ही कामं मिळून सरासरी परिणाम) नाही? मित्राने हाच डेटा एसपीएसएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, तिथे गोंगाटाचा एफ १०.८, पी ०.००१. डेटा एक, मॉडेल एक, उत्तरं दोन. कुणाचं खरं मानायचं?

आडवा_अक्ष

दोन्ही खरी. दोघांना प्रश्न वेगवेगळे विचारले गेलेत.

आर मध्ये काही न सांगता घटक टाकला की तो शून्य-एक असा सांकेतिक होतो. शून्य कुणाला? वर्णानुक्रमाने जी पातळी आधी येईल तिला, किंवा तू ठरवशील तिला. तू शांत आणि सोपं यांना शून्य दिलेलं दिसतंय. मॉडेलमध्ये इंटरॅक्शनची ओळ असली की 'गोंगाट' या ओळीचा अर्थ होतो, 'दुसरा घटक शून्यावर असताना गोंगाटाने पडलेला फरक'. म्हणजे सोप्या कामातला फरक. ४०. हा मेन इफेक्ट नव्हेच, हा एका पातळीवरचा साधा परिणाम आहे. एसपीएसएसने दोन्ही कामांवरची सरासरी घेतली : ४० आणि ८० यांची सरासरी ६०, स्टँडर्ड एरर १८ च्या आसपास. त्याचा एफ १०.८.

शून्य-एकच्या जागी उणे अर्धा आणि अधिक अर्धा असे आकडे दे, मग त्याच ओळीत ६० दिसेल. इंटरॅक्शनची ओळ मात्र दोन्ही वेळा ४० च राहील, आणि तिचा पी सुद्धा हलणार नाही. अवघड कामाला शून्य देऊन बघ, गोंगाटासमोर ८० येईल आणि तू म्हणशील मेन इफेक्ट जबरदस्त आहे. (शून्य-एक तसंच ठेवून वर टाइप थ्री अनोव्हा (अनोव्हाच्या हिशेबाचा एक प्रकार) मागणारे लोक असतात. ते तक्ता छापतात, त्यात मेन इफेक्ट म्हणून जे येतं तो मेन इफेक्ट नसतो, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. असे तक्ते तपासण्यात माझी बरीच दुपार गेलेली आहे.)

अर्धविराम

बापरे. म्हणजे मेन इफेक्ट गोंगाटाचा आहे, कामाचा तर प्रचंड आहे, आणि इंटरॅक्शन सिद्ध होत नाही. पण आमच्या वर्गात शिकवलेलं की इंटरॅक्शन आलं तर मेन इफेक्ट वाचायचेच नाहीत. माझं आलं असतं तर सगळं मुसळ केरात गेलं असतं का?

मेंदूपुराण

तो नियम अर्धा खरा आहे. कुठल्या आकाराचं इंटरॅक्शन आहे त्यावर ठरतं.

तुझ्या डेटात, इंटरॅक्शन समजा खरं निघालं, तरी गोंगाट दोन्ही कामांत वेळ वाढवतोच, एकात कमी, एकात जास्त. 'गोंगाटाने माणूस मंदावतो' हे वाक्य तेव्हाही खरं राहील, फक्त किती ते कामावर ठरेल. अशा वेळी मेन इफेक्ट फेकून द्यायचं काही कारण नाही.

रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा गोष्ट वेगळी. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग बघ. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. शेवटची चाचणी कुणाची ५ मिनिटांनी, कुणाची २ दिवसांनी, कुणाची आठवड्याने. ५ मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे : ८१ टक्के विरुद्ध ७५. दोन दिवसांनी पारडं फिरलं : ५४ विरुद्ध ६८. आठवड्याने ४२ विरुद्ध ५६. इथे 'पुन्हा वाचणं चांगलं की आठवून लिहिणं?' याला सरासरीचं एकच उत्तर दिलं तर परीक्षा तासाभरावर आलेल्याला ते चुकीचं पडेल. 'कधीच्या चाचणीसाठी?' असं विचारल्याशिवाय प्रश्नच पुरा होत नाही.

याहून टोकाचं उदाहरण गॉडन आणि बॅडली, १९७५. डायव्हरांना शब्दांची यादी एकदा कोरड्या जमिनीवर पाठ करायला लावली, एकदा पाण्याखाली. आठवायलाही कधी जमिनीवर, कधी पाण्याखाली. सरासरी शब्द :

जमिनीवर शिकले, जमिनीवर आठवले : १३.५
जमिनीवर शिकले, पाण्याखाली आठवले : ८.६
पाण्याखाली शिकले, जमिनीवर आठवले : ८.४
पाण्याखाली शिकले, पाण्याखाली आठवले : ११.४

आता मेन इफेक्ट काढ. शिकण्याची जागा : ११.०५ विरुद्ध ९.९. आठवण्याची जागा : १०.९५ विरुद्ध १०. जेमतेम एकेका शब्दाचा फरक. नुसते मेन इफेक्ट छापले असते तर वाचणारा म्हणाला असता, जागेने फारसं काही होत नाही. फरकातला फरक मात्र ४.९ अधिक ३.०, म्हणजे ७.९ शब्द.

आणि मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट : घटकांची नावं बदल. 'आठवण्याची जागा' काढून टाक आणि त्याऐवजी 'जागा तीच की बदललेली' असा घटक कर. चारही खाने तेच, एक आकडाही हलवलेला नाही. जागा तीच असताना सरासरी १२.४५, बदलल्यावर ८.५. हा आता चक्क मेन इफेक्ट झाला! इंटरॅक्शन आकड्यांच्या पोटात दडून बसलेलं नसतं. आपण प्रयोगाची मांडणी कुठल्या दोन अक्षांवर केली त्यावर ते इंटरॅक्शन म्हणून दिसायचं की मेन इफेक्ट म्हणून, हे ठरतं.

वाचनमात्र

हे शेवटचं दोनदा वाचलं. भारी.

अवांतर : तो पाण्याखालचा प्रयोग नंतर टिकला का?

मेंदूपुराण

२०२१ मध्ये त्याची पुनरावृत्ती झाली, तीत तो परिणाम दिसला नाही. आकड्यांचं गणित समजावायला उदाहरण उत्तम आहे, स्मृतीबद्दलचं ब्रह्मवाक्य म्हणून वापरू नका. स्वतः गॉडन आणि बॅडली यांनीच १९८० मध्ये दाखवलं होतं की आठवून लिहिण्याऐवजी 'हा शब्द यादीत होता का' असं ओळखायला लावलं तर जागेचा परिणाम दिसत नाही. म्हणजे शिकण्याची जागा, आठवण्याची जागा आणि चाचणीचा प्रकार असं तिहेरी इंटरॅक्शन. तिहेरी म्हटलं की लोकांना घाम फुटतो, पण वाचायचं सरळ असतं : दुहेरी इंटरॅक्शन एका चाचणीत आहे, दुसऱ्यात नाही. अर्थात तळटीपताईंनी वर दिलेली तंबी इथेही लागू. दोन प्रयोग वेगळे केले आणि एकात सिग्निफिकंट आलं, दुसऱ्यात नाही, एवढ्यावर तिहेरीचा दावा उभा राहत नाही.

आडवा_अक्ष

सगळे फरकात रमलेत, मोजपट्टीकडे कुणी बघत नाही.

४०० वरून ४४०. ८०० वरून ८८०. काही दिसतंय? दोन्हीकडे १० टक्के वाढ. मिलिसेकंदांत फरकातला फरक ४०, पण लॉग घेतला तर शून्य. रेषा समांतर. म्हणजे हजार माणसं आणून तुम्ही ते ४० सिग्निफिकंट करून दाखवलं तरी मी विचारणार, हे इंटरॅक्शन माणसात आहे की पट्टीत?

जेफ्री लॉफ्टस यांनी १९७८ मध्ये हेच लिहून ठेवलंय. रेषा छेदत नसतील तर असं बरंचसं इंटरॅक्शन पट्टी ताणून-आवळून घालवता येतं. रेषा छेदत असतील तर क्रम न बदलणारं कुठलंही रूपांतर करा, ते जात नाही, कारण एका ठिकाणी अ मोठा आणि दुसऱ्या ठिकाणी ब मोठा हे ताणण्याने बदलत नाही. मात्र आलेख दोन्ही बाजूंनी काढा, एकदा हा घटक आडव्या अक्षावर, एकदा तो. एका चित्रात न छेदणाऱ्या रेषा दुसऱ्यात छेदू शकतात, आणि कुठल्याही एका चित्रात छेदल्या तरी पुरे.

टक्क्यांत गुण मोजणाऱ्यांचं तर विचारूच नका. चाचणी सोपी असली की वरच्या गटाला चढायला जागाच उरत नाही, ९५ चा ९८ होतो, खालचा गट ५० वरून ६५ वर जातो, आणि निष्कर्ष छापला जातो : 'प्रशिक्षणाचा लाभ कमकुवत विद्यार्थ्यांनाच'.

मेंदूपुराण

मान्य, पण म्हणून डोळे मिटून लॉग घ्यायचा का? प्रतिसाद-वेळेच्या बाबतीत मी तरी नाही घेणार.

सॉल स्टर्नबर्ग यांची १९६९ ची पद्धत आठवा. मेंदूत काम टप्प्याटप्प्याने होतं असं धरलं, म्हणजे आधी ओळखणं, मग तुलना, मग निर्णय, मग बोट हलवणं, तर एकूण वेळ म्हणजे या टप्प्यांची बेरीज. दोन घटक वेगवेगळ्या टप्प्यांवर काम करत असतील तर त्यांचे परिणाम मिलिसेकंदांत नुसते जोडले जातील, इंटरॅक्शन दिसणार नाही. दिसलं तर संशय घ्यायचा की कुठल्या तरी एका टप्प्यावर दोघांची गाठ पडतेय. हा सगळा तर्क मिलिसेकंदांवर उभा आहे. लॉग घेतलात की बेरीज राहत नाही, तर्कच कोसळतो. खरोखर वेगळ्या टप्प्यांवर काम करणारे घटकही लॉगमध्ये इंटरॅक्शन दाखवतील. उलटं, गोंगाट जर सगळ्याच प्रक्रियेला सरसकट दहा टक्क्यांनी मंद करत असेल, तर लॉग हीच योग्य पट्टी.

तेव्हा पट्टी आधी सिद्धांताने ठरवायची. पी बघून नव्हे.

आडवा_अक्ष

यावर आपलं भांडण नाही. माझं भांडण आहे ते दोन्ही पट्ट्या चालवून जी 'येते' ती छापणाऱ्यांशी.

बाय द वे, अर्धविराम, सगळ्या गटांत एसडी १०० खरंच आहे? प्रतिसाद-वेळेची सरासरी ८०० असताना विखुरलेपणा सरासरी ४०० असतानाच्या एवढाच सहसा नसतो.

अर्धविराम

नाही, अवघड कामात एसडी जवळजवळ दुप्पट आहे, इथे सोयीसाठी सारखी केली. ते महत्त्वाचं आहे का?

तळटीप

आहे. सरासरीबरोबर विखुरलेपणाही त्याच प्रमाणात वाढतो, ही मेंदूपुराण म्हणतात त्या 'सरसकट दहा टक्के' चित्राच्या बाजूची एक खूण आहे. पुरावा नव्हे, खूण. शिवाय साधा अनोव्हा सगळ्या गटांचं प्रचरण (एसडीचा वर्ग) सारखं धरतो, त्यामुळे खऱ्या डेटात इथल्यापेक्षा वेगळे पी येतील.

आता नमुन्याबद्दल, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. ढोबळ हिशेब : ८० टक्के पॉवर (खरा परिणाम असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता) हवी, पातळी ५ टक्के (तीच पी ०.०५ ची रेषा), तर खरा परिणाम त्याच्या स्टँडर्ड एररच्या २.८ पट हवा. अवघड कामातले ८० पकडायला प्रत्येक गटात २५ माणसं पुरतात. ते ४० चं इंटरॅक्शन पकडायला? प्रत्येक गटात १९६. चार गट मिळून ७८४.

आठपट का, तर परिणाम निम्मा झाला म्हणून चौपट, आणि दोनऐवजी चार सरासऱ्यांची डळमळ आली म्हणून आणखी दुप्पट. 'परिणाम इथे आहे, तिथे थोडा कमी आहे' या जातीची सगळी इंटरॅक्शन्स अशीच महाग असतात. परिणाम दुसरीकडे पूर्ण नाहीसा होत असेल तरीही गटामागे दुप्पट लागतातच. छेदणारी तुलनेने स्वस्त, कारण दोन्ही बाजूंचे फरक एकमेकांत मिळतात. मेंदूपुराण यांच्या डायव्हरांमध्ये ४.९ आणि ३.० मिळून ७.९ झाले ना, तसं.

म्हणून गटामागे २०-२५ माणसं घेऊन 'फक्त अमक्यांमध्येच परिणाम दिसला' अशी बातमी आली की मी पान उलटते.

अर्धविराम

७८४!! १२० माणसं जमवताना नाकी नऊ आले होते.

कंसातला_जीव

गोंगाट प्रत्येकाला दोन्ही प्रकारे द्यायचा ना. तोच माणूस एकदा शांत, एकदा गोंगाट, निम्म्यांना उलट्या क्रमाने. माणसामाणसातला मूळ वेगाचा फरक वजाबाकीतच निघून जातो. प्रतिसाद-वेळेत तो फरक बराच मोठा असतो, त्यामुळे स्टँडर्ड एरर चांगली खाली येते. आणि प्रत्येकाकडून भरपूर ट्रायल्स घे.

अर्धविराम

आता प्रयोग परत होणे नाही, पण मर्यादांमध्ये हे लिहीन. सगळ्यांचे आभार. निकालाचा परिच्छेद असा केलाय :

'गोंगाटात प्रतिसादाचा वेळ सरासरी ६० मिलिसेकंदांनी वाढला. हा परिणाम कामाच्या अवघडपणावर अवलंबून नाही.'

ठीक आहे?

तळटीप

पहिलं वाक्य ठेवा. दुसरं तुमच्या आधीच्या वाक्याचाच उलटा अवतार आहे. आधी पी मोठा म्हणून 'सोप्या कामात परिणाम नाही' म्हणत होतात, आता पी मोठा म्हणून 'अवलंबून नाही' म्हणताय. फरकातला फरक ४०, आणि त्याचा ९५ टक्के विश्वासांतराल (डेटाशी जुळणाऱ्या आकड्यांचा पट्टा) उणे ३२ ते ११२. म्हणजे अवघड कामात गोंगाट शंभरेक मिलिसेकंदांनी जास्त नडत असेल, हेही या डेटात बसतं, आणि थोडा कमी नडत असेल हेही बसतं.

असं लिहा : 'सोप्या कामात ४० आणि अवघड कामात ८० मिलिसेकंदांची वाढ दिसली. या दोन वाढींतल्या फरकाबद्दल (४०, ९५ टक्के विश्वासांतराल −३२ ते ११२) या नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.' चारही सरासऱ्या आणि एसडी तक्त्यात द्या, म्हणजे ज्याला लॉगमध्ये बघायचंय तो बघेल. आणि त्या दोन टी-टेस्ट काढून टाका.

आडवा_अक्ष

काढू नका, परिशिष्टात टाका. चालवल्या आहेत तर दिसू देत.

तळटीप

बरं, परिशिष्टात. पण मथळ्यात 'फक्त' हा शब्द नको.